शिकणारा, शिकाऊ आणि विद्यावेतन

जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन हे आकडे तेव्हा घरोघरी पोहोचले. पात्रतेच्या अटींमधले एक वाक्य मात्र अनेकांना अर्ज भरतानाच कळले. शिक्षण चालू असलेला उमेदवार या योजनेस पात्र नाही, असे ते वाक्य आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात मोठ्या ५०० कंपन्यांमधील इंटर्नशिपची घोषणा झाली. तिथेही सुरुवातीला पूर्णवेळ शिकणाऱ्याला दार बंद होते. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भागावेत म्हणून शिकता शिकता काम शोधणारा विद्यार्थी अशा रीतीने दोन्ही योजनांच्या बाहेर राहिला. हे एका रात्रीत घडलेले नाही.

गरीब विद्यार्थ्याने माधुकरी मागून किंवा वार लावून शिकावे, ही पुण्यातली जुनी रीत होती. त्या रीतीत जेवण मिळे, पण मिंधेपणही येई, आणि ती सोय सर्व जातींच्या मुलांसाठी नव्हतीच. याला खरे उत्तर सातारा जिल्ह्याने दिले. १९२४ च्या सुमारास साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून स्वतःची कामे स्वतः करू लागली. १९४७ मध्ये तिथेच निघालेल्या महाविद्यालयात श्रमाच्या बदल्यात शिक्षण हे सूत्र उच्च शिक्षणापर्यंत नेण्यात आले. विद्यापीठांमधील ‘कमवा व शिका’ योजना याच परंपरेतली आहे. सकाळी तासिकांपूर्वी बागेला पाणी घालणे, ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवणे, कार्यालयात नोंदी करणे अशी कामे तिथे असतात. हजेरीपत्रकावर सही करायची आणि महिनाअखेरीस तासांच्या हिशेबाने पैसे घ्यायचे. रक्कम तुटपुंजी असते आणि ती वेळेवर मिळेलच याची शाश्वती नसते. तरीही विद्यार्थी असणे हीच पात्रता मानणारी ही योजना आहे, आणि ही गोष्ट लहान नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारची नजर शिकणाऱ्याकडून शिकून बाहेर पडलेल्याकडे वळली. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना कळवण्याची सक्ती करणारा कायदा १९५९ मध्ये आला. पुढची तीन दशके परीक्षेचा निकाल लागला की पहिले काम म्हणजे त्या कार्यालयात नाव नोंदवून कार्ड काढणे, असे समीकरण राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत कायम नोकरीची वाट अधिकच अरुंद झाली.

‘विद्यावेतन’ या शब्दाचा गुंता शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ पासून वाढत गेला. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. त्याला जे मिळते ते वेतन नव्हे. त्याला तयार केलेल्या नगांच्या हिशेबाने मोबदला देऊ नये आणि उत्पादन-बोनसच्या योजनेत ओढू नये, हेही कायद्यात आहे. मुलाकडून शिकण्याच्या नावाखाली माल काढून घेतला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण कामगार नाही म्हटल्यावर भविष्यनिर्वाह निधीही लागू होत नाही, आणि ही सवलत मालकाच्या चटकन लक्षात येते. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही या कायद्याच्या कक्षेत आणले आणि नियम मोडणाऱ्या मालकाला असलेली कैदेची तरतूद काढून टाकली. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले.

अडचण अशी की, मराठीत हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींवर पांघरला जातो. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्याला वर्षानुवर्षे दरमहा ४० रुपये मिळत, त्याला विद्यावेतन म्हणत. ती रक्कम ५०० रुपये करण्याचा निर्णय व्हायला २०२३ साल उजाडले. शासकीय रुग्णालयात रात्रपाळ्या करणारे निवासी डॉक्टर ज्यासाठी संपावर जातात, तेही विद्यावेतनच. पहिल्या ठिकाणी ती मदत आहे, तर दुसऱ्या ठिकाणी पूर्ण कामाचा मोबदला. शब्दातील ‘विद्या’ पुढे करून त्यातील ‘वेतन’ मागे सारण्याची सोय या सरमिसळीतच आहे.

पुण्याजवळच्या चाकण, तळेगाव, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात ती सोय सर्वाधिक वापरली गेली. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने २०१३ मध्ये कारखान्यांतील प्रत्यक्ष प्रशिक्षणाची एक योजना अधिसूचित केली होती. तिच्या आधारे घेतलेली मुले ‘ट्रेनी’ म्हणून कंपनीच्या बसमधून पर्मनंट कामगाराबरोबर उतरत, त्याच लाइनवर त्याच पाळीत उभी राहत आणि मुदत संपली की बाहेर पडत. तोवर त्यांच्या जागी नवी तुकडी आलेली असे. यातले किती प्रशिक्षण आणि किती उत्पादन, हा वाद कामगार संघटनांनी लावून धरला. अखेर ती योजना गुंडाळण्यात आली. ट्रेनी हा शब्द मात्र त्या पट्ट्यात रुळून गेला.

२००८-०९ आणि २०२० या दोन्ही मंदीच्या काळांत कॅम्पसमधून निवड झालेल्यांच्या हाती ऑफर लेटर असायचे आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जायची. अशा वेळी ‘अनुभव’ हीच अट बनते आणि तो मिळवण्यासाठी विद्यार्थी बिनपैशाच्या इंटर्नशिपलाही तयार होतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे, क्षेत्रप्रकल्प हा त्याला पर्याय आहे. म्हणजे साधारण १२० तास. श्रेयांक मिळतात, पैसे मिळतीलच असे नाही.

२०२४ च्या राज्य योजनेतही जुना गुंता लवकरच वर आला. प्रशिक्षणाचे सहा महिने संपत आल्यावर प्रशिक्षणार्थ्यांनी कायम करण्याची मागणी सुरू केली. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आली, पण आंदोलने थांबली नाहीत. आम्ही कार्यालयाचे रोजचे काम करतो, असे ते म्हणत होते. तुम्ही शिकत होता, असे सरकारचे उत्तर होते.