वाऱ्यानेच कापायचं, वाऱ्यानेच वाळवायचं

पावसाळ्यात दार चौकटीत अडायला लागलं की आपण सुताराच्या नावाने बोटं मोडतो. खरं तर दार फुगलेलं असतं. झाड तोडलं तरी लाकडाचं पाणी पिणं-सोडणं संपत नाही. जुन्या आरागिरण्यांचं निम्मं कसब या पाण्याशी झगडण्यात जायचं.

नेदरलँड्समध्ये १५९४ साली उइटगेस्ट गावच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझूनने पवनचक्कीवर करवत चालवली. त्याआधी एक माणूस ओंडक्यावर, दुसरा खाली भुशात, असं दोघे मिळून कापत. चक्कीची पाती गोल फिरतात, करवत मात्र वर-खाली हवी. म्हणून मधल्या दांड्याला कोपरासारखे बाक दिले. पायाने चालवायच्या शिवणयंत्रात पायाखालची पट्टी वर-खाली होते आणि चाक फिरतं, इथे नेमकं उलटं. ओंडका घसरगाडीवर बांधलेला असे. करवतीच्या दर फेऱ्याला एक आकडा दातेरी चाक थोडंसं पुढे ओढी आणि गाडी तेवढीच पात्याकडे सरके. हाताने ढकलायची गरजच नाही!

झान नदीकाठी अशा गिरण्यांची रांग लागली. गंमत म्हणजे ओंडके आधी पाण्यातच तरंगत ठेवत, म्हणजे उन्हाने तडकत नसत. कापलेल्या फळ्या मात्र उघड्या बाजूंच्या छपरीत, मध्ये पट्ट्या घालून रचत. करवत चालवणारा वाराच मग त्या फळ्या वाळवी. इंचभर जाडीला साधारण वर्षभर, असा जुना ठोकताळा आहे.

इतका वेळ का? पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी जातं, तोवर फळी आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. तेही सारखं नाही: गाभ्याकडून सालीकडे जेवढं, त्याच्या जवळपास दुप्पट वर्षवलयांच्या दिशेने. म्हणून फळीला बाक येतो.

एकोणिसाव्या शतकात वाफ आली. बॉयलरमध्ये गिरणीचाच भुसा आणि साली जाळायच्या, इंजिनाने चामडी पट्ट्यांवर करवती फिरवायच्या आणि इंजिनातून सुटलेली वाफ नळ्यांतून वाळवणभट्टीत न्यायची. वर्षाचं काम काही दिवसांवर, फार तर आठवड्यांवर आलं. घाई मात्र चालत नसे. वरचा थर आधी सुकून ताठरला तर आतून चिरा पडत, म्हणून सुरुवातीला भट्टीत मुद्दाम ओली वाफ सोडत. मधूनमधून नमुन्याची एक फळी काढून तोलायची, आणि ती ठरल्या वजनाला उतरली की मगच भट्टी रिकामी करायची.