पोलीस ठाण्यातून सोडलं आणि नंतर मृत्यू झाला, तर नाशिकमध्ये तक्रार कुठे करायची?

माणूस पोलीस कोठडीत दगावला तर कायदा सरळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार पोलिसांच्या तपासाखेरीज दंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी होते. आईवडील, मुलं, भावंडं, पती किंवा पत्नी यांना शक्य तिथे कळवून चौकशीला हजर राहू द्यावं लागतं.

घोळ होतो तो दुसऱ्याच प्रकारात. रात्री ठाण्यात नेलं, सकाळी सोडलं, संध्याकाळी घरी उलट्या सुरू झाल्या आणि सिव्हिलला पोहोचेपर्यंत सगळं संपलं. कागदावर नोंद होते अकस्मात मृत्यूची आणि ठाण्यातून उत्तर येतं, 'तो आमच्या ताब्यात नव्हताच.' म्हणून आधी सिद्ध करायचं ते एवढंच, की तो ठाण्यात होता.

त्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा सीसीटीव्हीचा. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, तशी यंत्रणा नसेल तिथेही किमान वर्षभर, जपायला सांगितलं आहे. पण त्यावर विसंबून राहू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तारीख, वेळ आणि ठाण्याचं नाव घालून 'चित्रण व स्टेशन डायरी (ठाण्यातली रोजच्या घडामोडींची नोंदवही) जपून ठेवा' असा अर्ज द्या. शहर हद्द असेल तर पोलीस आयुक्तांना, निफाड-सिन्नरसारखं ग्रामीण ठाणं असेल तर पोलीस अधीक्षकांना. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं ही मागणीही त्याआधीच लेखी द्यायची. नंतर तिचा उपयोग नाही.

पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासू नये, म्हणून पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलून ते आणलं. वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे आणि त्यावरच्यांची मुंबईतल्या राज्य प्राधिकरणाकडे जाते. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियम डावलून केलेली अटक हे सगळं त्यात येतं. माणूस घरी वारला असेल तर अर्जात नुसतं 'मृत्यू' लिहून भागत नाही. मारहाण आणि बेकायदा ताबा हे मुद्दे वेगळे मांडा.

अर्जाला शपथपत्र, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, दवाखान्याचे केसपेपर, जखमांचे फोटो, नात्याचा पुरावा आणि नेताना पाहिलेल्यांची नावं-पत्ते जोडा. ठाण्यातून आलेल्या फोनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट लोक हमखास विसरतात.

राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं. फी नाही, मराठीत अर्ज चालतो. मात्र घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. सीसीटीव्ही चित्रण मागवून ताब्यात घेण्याचा मार्ग २०२० च्याच निकालाने आयोगाला दिला आहे, म्हणून माझ्या मते हा अर्ज आधी करावा.

वकील परवडत नसेल तर सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट नाही.

आणि मृत्यू नाशिकरोड कारागृहात झाला असेल, तर ती न्यायालयीन कोठडी. तिथल्या कर्मचाऱ्यांविरुद्ध आयोगाकडे जायचं. मारहाण आधी ठाण्यात झाली असेल तरच पोलीस प्राधिकरणाकडे.