सीआरपी उतरला म्हणजे झडपेचा संसर्ग गेला? नाही

‘सीआरपी नॉर्मल आला, आता इंजेक्शनं बंद करा’ हा सल्ला हृदयाच्या झडपेच्या संसर्गात धोक्याचा आहे. सीआरपी, म्हणजे शरीरात सूज (दाह) असली की रक्तात वाढणारं प्रथिन, यकृतात तयार होतो. सूज ओसरली की तो दर १९ तासांत साधारण निम्मा होतो. झडपेवरच्या गाठीत, फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) थराआड दडलेले जंतू मात्र इतक्या लवकर मरत नाहीत. म्हणून अँटिबायोटिक शिरेतून सहसा ४ ते ६ आठवडे, कृत्रिम झडप असेल तर किमान ६ आठवडे. दिवस मोजायचे ते रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पहिल्यांदा निगेटिव्ह आल्यापासून.

सीआरपी उतरत नसेल तर गळू किंवा दुसरीकडे पसरलेला संसर्ग शोधावा लागतो. पण उतरला तरी फाटलेली झडप गळतच राहते, आणि धाप त्यामुळेच लागते.

उलटा घोळही होतो. महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या संसर्गात र्‍हुमॅटॉइड फॅक्टर (संधिवातासाठी तपासलं जाणारं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह येतो, कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) घटतं, लघवीत रक्त दिसतं. मग संधिवात समजून स्टेरॉइड सुरू! त्याआधी, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वीच, वेगवेगळ्या जागांहून कल्चरचे ३ संच घ्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. इको (हृदयाची सोनोग्राफी) स्वच्छ आला पण शंका कायम असेल, तर अन्ननलिकेतून केलेला इको ५ ते ७ दिवसांनी पुन्हा करावा.