मेथडिस्ट चर्च आणि सीएनआय : एक ओळख, दोन मंडळ्या

‘आम्ही मेथडिस्ट’ असे सांगितले की ‘म्हणजे सीएनआयच ना?’ असा प्रश्न महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना अनेकदा ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण मराठी उपासना दोन्हीकडे होते, बिशप दोन्हीकडे आहेत आणि नारायण वामन टिळकांची भजनेही दोन्हीकडे सारख्याच जिव्हाळ्याने गायिली जातात. तरीही मेथडिस्ट चर्च इन इंडिया आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या दोन स्वतंत्र प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआयची स्थापना झाली. त्यांत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांची आधीच जुळलेली युनायटेड चर्च होती, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स होते. आणि मेथडिस्टही होते. घोळाचे मूळ इथेच आहे. मेथडिस्ट परंपरा भारतात ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन वाटांनी आली, आणि त्यांपैकी ब्रिटिश वाट सीएनआयमध्ये मिळाली. अमेरिकन वाट १८५६ मध्ये मिशनरी विल्यम बटलर यांच्याबरोबर आली आणि बरेलीत रुजली; मुंबईत विल्यम टेलर यांनी १८७१ च्या अखेरीस काम सुरू केले आणि आधीपासून तिथे राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्यातील मेथडिस्ट चर्चला आजही बोवेन यांचेच नाव आहे. या वाटेची मंडळी एकीकरणाच्या वाटाघाटींत होती, परंतु अखेरच्या टप्प्यात बाहेर राहिली आणि १९८१ मध्ये अमेरिकेतील मूळ संस्थेपासून स्वायत्त होऊन तिने आजचे नाव घेतले. मात्र ब्रिटिश वाट सीएनआयमध्ये असल्याने तिच्यात मेथडिस्ट वारसा नाही असे म्हणणे चूक ठरते. जागतिक मेथडिस्ट परिषदेचीही सीएनआय सदस्य आहे.

विश्वासाच्या बाबतीत फरक आहे तो भर कशावर दिला जातो याचा. लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत २४ मे १७३८ रोजी मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना आपले अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचे जाणवले, आणि त्या अनुभवातून त्यांनी आयुष्यभर सांगितले ते हे, की तारण काही निवडक लोकांसाठी राखून ठेवलेले नाही. माणूस देवाकडे वळण्याआधीच देवाची कृपा त्याच्या ठायी काम करू लागलेली असते. मेथडिस्ट मंडळीच्या दारी येणाऱ्याचे स्वागत होते ते याच शिकवणुकीमुळे; तो केवळ सौजन्याचा भाग नव्हे, आणि मला तरी या परंपरेचे सर्वांत मोलाचे देणे हेच वाटते. सीएनआयमध्ये, तारण देवाने निवडलेल्यांसाठीच आहे असे मानणाऱ्या कॅल्विनच्या विचारातून वाढलेले प्रेस्बिटेरियनही असल्याने ती या एका मांडणीवर अडून बसत नाही. प्राचीन मतांगीकारांवर, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या कबुलींवर, तिची एकी उभी आहे. बाप्तिस्म्याचेही तसेच. मेथडिस्ट पाळक बालकांचा बाप्तिस्मा करतात, तर सीएनआयने बाप्टिस्टांचा मान राखून, मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत थांबण्याचीही मुभा कुटुंबाला ठेवली आहे.

कारभाराची घडीही निराळी आहे. सीएनआयचा कारभार मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा धर्मप्रांतांत चालतो. मेथडिस्टांचा कणा म्हणजे कॉन्फरन्स, अर्थात पाळकांची आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींची प्रादेशिक सभा. पाळक स्थानिक मंडळीचा नव्हे, तर कॉन्फरन्सचा सभासद असतो, आणि अधिवेशनाच्या शेवटी बिशप नेमणुकांची यादी वाचू लागले की कोणाचे बिऱ्हाड कोणत्या गावी हलणार याकडे पाळकांच्या घरच्यांचे कान लागलेले असतात.

प्रभुभोजनाच्या वेळी मात्र नवख्याला फरक जाणवणार नाही. वेस्ली शेवटपर्यंत अँग्लिकन पाळकच राहिले, त्यामुळे मेथडिस्टांच्या आमंत्रणाचे शब्दही जुन्या अँग्लिकन उपासनेतूनच आलेले आहेत: ज्यांनी आपल्या पापांचा मनापासून पश्चात्ताप केला आहे, जे शेजाऱ्याशी प्रीतीने राहतात आणि यापुढे नवे जीवन जगू पाहतात, त्यांनी विश्वासाने जवळ यावे. त्या आमंत्रणात मंडळीचे नाव कुठेच येत नाही.