डाऊनी औषधाला ‘सरावते’ म्हणजे काय?

ऑक्टोबर छाटणीला महिना झाला होता. निफाडजवळ मामांच्या द्राक्षबागेत सकाळी सात वाजता पानांवर अजून दव होतं. मामांनी एक पान तोडून उलटं केलं. वरच्या बाजूला तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग, आणि खाली बरोबर त्याच जागी पिंजलेल्या कापसासारखी पांढरी लव. ही द्राक्षाच्या पानावरची डाऊनी. “तीन फवारे झाले. सरावली रे ही औषधाला,” मामा म्हणाले.

‘सरावली’ हा शब्द द्राक्षपट्ट्यात रोज कानावर पडतो. तो चुकीचा आहे, असं मामांना तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो. तंबाखूला माणूस सरावतो तेव्हा माणूस तोच राहतो. डाऊनीच्या बाबतीत तसं होत नाही. औषध लागू पडतं त्या सगळ्या मरतात, आणि फवारणीच्या आधीपासून वेगळी असलेली एखादी उरते. पुढच्या आठवड्यात पानावर दिसते ती तिचीच पिलावळ.

हे ‘आधीपासून’ कशावरून? साल्वादोर लुरिया हा शास्त्रज्ञ अमेरिकेत एका समारंभात जुगाराच्या यंत्रापाशी उभा होता. सहकारी नाणी टाकत होता, बहुतेक वेळा हाती भोपळा, आणि मग एकदम नाण्यांचा खच! लुरियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने बऱ्याच नळ्यांत मोजके जिवाणू सोडून ते वेगवेगळे वाढवले आणि प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूंनी भरलेल्या थाळीवर पसरले. विषाणू भेटल्यावर जिवाणू तग धरायला ‘शिकत’ असते, तर प्रत्येक थाळीवर वाचलेल्यांची संख्या थोड्याफार फरकाने सारखी आली असती. प्रत्यक्षात बहुतेक थाळ्यांवर एखाद-दुसरा किंवा कोणीच नाही, आणि मधूनच एखाद्या थाळीवर ढीगभर. म्हणजे त्या नळीत बदल आधीच, योगायोगाने, लवकरच्या पिढीत घडून गेला होता. लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी हे १९४३ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता बागेकडे बघा. थॉम्पसन असो की तिच्याच फुटव्यातून निघालेली तास-ए-गणेश, एका जातीची अख्खी बाग त्याच वेलीचे डोळे कलम करून उभी राहते. म्हणजे एकाच वेलीच्या शेकडो नकला. एकीला जे झोंबतं ते सगळ्यांना झोंबतं. समोर डाऊनी मात्र कोट्यवधींची, आणि त्यात प्रत्येक थोडी निराळी. (तिला आपण बुरशी म्हणतो खरं, पण नात्याने ती तपकिरी शेवाळाच्या जवळची. पानावरच्या ओलाव्यात तिचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. दव आणि डाऊनीचं सख्य ते हे.)

स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं १९९६ मध्ये बाजारात आली. मूळ कल्पना पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका अळंबीची. तिचं हे रसायन प्रतिस्पर्धी बुरशीच्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा तिच्यातल्या एका प्रथिनाच्या एका ठरावीक जागी चिकटून बंद पाडतं. अडचण त्या ‘एका’ शब्दात आहे. त्या प्रथिनाच्या साखळीत १४३व्या जागी ग्लायसिन या दुव्याऐवजी ॲलानिन हा दुवा बसला की औषध चिकटत नाही. डाऊनीत हा बदल सापडला, आणि तिच्याशी दूरचंही नातं नसलेल्या भुरी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगातही हुबेहूब हाच! दोघींनी एकमेकींचं पाहून केलं नाही. चाळणी तीच होती, म्हणून खाली तेच पडलं.

उलट बोर्डो मिश्रण बघा, मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार) आणि चुना. १८८५ पासून वापरात आहे आणि अजून चालतं. तांबं पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. इतके सगळे बदल योगायोगाने एकाच बीजाणूत जमून येणं फार अवघड.

फवारणीची चाळणी किडींनाही लागते, पण तिथे हिशेब आणखी तिरका होतो. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तर जाळ्यात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गणितज्ञ व्होल्टेरा यांनी जावयाने आणलेल्या या कोड्याचं समीकरण १९२६ मध्ये मांडलं. त्यातून निघालं ते असं, की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारखंच मारलं तर सरासरीने भक्ष्य वाढतं आणि भक्षक घटतो. मिलीबगवर (पिठ्या ढेकणावर) सरसकट कीटकनाशक मारल्यावर तिला खाणारे क्रिप्टोलीमस भुंगेही मरतात. मग महिन्याभरात घडाच्या देठाशी पुन्हा पांढरं चिकट दिसतं, आणि शेतकरी म्हणतो, औषध भेसळीचं निघालं.

त्या सकाळी पंपाच्या खोलीत मामांनी दोन बाटल्या काढून दाखवल्या. पहिलीचा गुण येईना, म्हणून दुकानातून ‘बदलून’ आणलेली दुसरी. एकीवर ॲझॉक्सिस्ट्रोबिन, दुसरीवर पायराक्लोस्ट्रोबिन. नावं दोन, कंपन्या दोन, किंमतही दुसरीची जास्त. दोन्ही औषधं स्ट्रोबिल्युरिन गटातलीच, नेमक्या त्याच जागी चिकटणारी. मी ते सांगितल्यावर मामांनी चष्मा वर करून दोन्ही लेबलं पुन्हा वाचली.

“म्हणजे पैसे दोनदा दिले, औषध एकच घेतलं?”

“तसंच म्हणा.”

त्यांनी हातातलं पान चुरगळून पिशवीत टाकलं आणि मोरचुदाचं पोतं कुठे ठेवलंय ते मामींना विचारायला घराकडे निघाले.