राउंडवर्म की हुकवर्म? गोळी एकच, पण माणसापर्यंतच्या वाटा दोन

कुत्र्याला जंत झाले की दिली जाणारी नेहमीची गोळी राउंडवर्म आणि हुकवर्म दोन्हींवर चालते, म्हणून दोन्ही एकच धरले जातात. कुत्र्यापुरतं ते बऱ्यापैकी खपतं. घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र खपत नाही, कारण राउंडवर्म तोंडावाटे शिरतो आणि हुकवर्म मुख्यतः कातडीतून.

राउंडवर्म, म्हणजे टॉक्सोकारा केनिस, पांढरट असतो आणि 10 ते 18 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. पिल्लाच्या ओकारीत किंवा शीमध्ये तो अख्खा पडलेला दिसतो. हुकवर्म जेमतेम 1 ते 2 सेंटीमीटरचा, आतड्याच्या अस्तराला दातांनी घट्ट धरून बसलेला. तो शीमध्ये सहसा दिसतच नाही. ‘जंत पडले नाहीत, म्हणजे पोट साफ आहे’ हा हिशेब इथेच चुकतो.

राउंडवर्मच्या अळ्या गाभण कुत्रीच्या वारेतून पोटातल्या पिल्लांत जातात. त्यामुळे स्वच्छ घरातलं पिल्लूही जंत घेऊनच जन्मू शकतं. त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि वाढ खुंटते. हुकवर्म दुधातून येतो आणि रक्त पितो. हिरड्या पांढऱ्या पडतात, शी काळी आणि चिकट होते. लागण जोरदार असेल तर शीमध्ये अंडी दिसायच्या आधीच पिल्लू दगावू शकतं, म्हणून इथे रिपोर्टची वाट पाहू नये.

पिल्लाला औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर 2 आठवड्यांनी द्यायचं, दूध तुटल्यावर आणखी 2 आठवड्यांपर्यंत. पुढे 6 महिन्यांचं होईतो महिन्यातून एकदा. आईलाही त्याच वेळी द्यायचं. फेनबेंडाझोल दिलं असेल तर किलोमागे 50 मिलिग्रॅम, सलग 3 दिवस. एका दिवसात उरकलं तर काम अर्धवट राहतं. वजन दर खेपेला नव्याने करावं, कारण या वयात मागच्या खेपेचा डोस हमखास कमी पडतो.

आता माती. राउंडवर्मचं ताजं अंडं लागण करू शकत नाही. आत अळी तयार व्हायला उबदार हवेत साधारण 2 आठवडे, गारव्यात त्याहून जास्त लागतात. पण त्यानंतर ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि फिनेलने मरत नाही. हुकवर्मचं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं आणि आठवड्याभरात अळी कातडीत शिरायला तयार होते. तिला ओल आणि सावली लागते. कडक उन्हात, कोरड्यात ती मरते. आठवड्यातून एकदा अंगण झाडणं राउंडवर्मला एक वेळ पुरेल, हुकवर्मला उशिराचं. शी त्याच दिवशी उचलली की दोघांचीही नवी भर मातीत पडत नाही.

राउंडवर्मची बाधा बहुधा मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या मुलांना होते. अळ्या यकृत, फुप्फुस, कधी डोळ्यात भटकतात. डोळ्यात गेल्यास नजर जाऊ शकते. माणसात त्या प्रौढ होत नाहीत, म्हणून मुलाची शी तपासून काहीच सापडत नाही. रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) पाहावी लागतात. हुकवर्मची खूण उघड असते: अनवाणी पायावर लाल, खाजरी, नागमोडी रेघ, रोज थोडी पुढे सरकणारी. हिला नायटा समजून मलम चोळलं जातं, आणि रेघ आपली सरकत राहते. हुकवर्मची अँकायलोस्टोमा सिलॅनिकम ही जात मात्र माणसाच्या आतड्यातही प्रौढ होते.

कुत्र्याची शी औषधानंतर सुमारे 2 आठवड्यांनी तपासावी. नमुना ताजा हवा, लगेच पोचत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावा. बाहेर राहिला की हुकवर्मची अंडी फुटतात आणि तपासणीत हुकतात. हुकवर्म पुन्हा सापडला तर लगेच औषधाला दोष देऊ नये. स्नायूंत निपचित पडलेल्या अळ्या आतड्यात जागा रिकामी झाली की तिथे येतात. त्यांच्यासाठी ठरावीक अंतराने पुन्हा डोस लागतात. तरीही अंडी कमी होत नसतील, तर औषध न जुमानणाऱ्या हुकवर्मची शंका घेऊन डॉक्टरांनी औषध बदलायला हवं.