एजन्सीच्या पेरोलवर काम करताय? कोणते कागद घ्यायचे, काय तपासायचं आणि पगार अडकला तर अर्ज कुठे करायचा

काम एका कंपनीत, पगार दुसऱ्याकडून, आणि काही विचारायला गेलं की कंपनीचा एचआर म्हणतो एजन्सीला विचारा, एजन्सीवाला म्हणतो कंपनीकडून बिल पास झालं नाही. थर्ड पार्टीवर काम करणाऱ्या बहुतेकांना हे ऐकावं लागतं, आणि बरेच जण गप्प बसतात कारण आपला मालक नक्की कोण हेच माहीत नसतं. पण बिल पास होवो न होवो, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचाच असं कायदा सांगतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलाय. कागदावर तुमचा मालक म्हणजे कॉन्ट्रॅक्टर किंवा एजन्सी, आणि जिथे प्रत्यक्ष काम करता ती कंपनी म्हणजे मुख्य मालक. आधी केंद्राच्या कायद्यात २० कंत्राटी कामगारांचा आकडा होता, आता ५० किंवा जास्त कामगार असतील तर कंत्राटी कामगारांचे नियम आणि एजन्सीला लायसन्स लागू होतं. कंपनीच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार घ्यायला मनाई आहे, पण हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कॅन्टीन, लोडिंग-अनलोडिंग ही कामं सहसा मुख्य धरत नाहीत, आणि अचानक काम वाढलं तर मुख्य कामातही घेता येतात. म्हणजे पळवाटा आहेतच. अजून एक, कितीही वर्षं एजन्सीकडून काम केलं तरी आपोआप कंपनी रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नोकरीत, येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात हे स्पष्ट केलंय. एजन्सी नुसती नावाला होती आणि खरा मालक कंपनीच होती असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, आणि ते सिद्ध करायला कागदच लागतात.

म्हणून जॉइन होतानाच मागून घ्या. नेमणूक पत्र आता प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे, त्यावर एजन्सीचं पूर्ण नाव, तुमचं पद, पगाराचे भाग आणि कामाची जागा आहे का ते बघा. तुमच्याकडून आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो आणि शिक्षणाचे दाखले मागतील, त्याच्या झेरॉक्सच द्या, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणणाऱ्या एजन्सीकडे जाऊच नका. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागत असेल तरी तेच, कारण एजन्सीची कमाई कंपनीकडून होते, कामगाराच्या खिशातून व्हायला नको, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करारही हेच म्हणतो. आधी पीएफ कापला जात असेल तर जुना १२ अंकी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या, नवीन काढू देऊ नका, नाहीतर दोन खाती होतात आणि नंतर ट्रान्सफर करत बसावं लागतं.

आता पीएफ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. समजा बेसिक १५,००० आहे, तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जाणार आणि मालकानेही १,८०० भरायचे. पीएफचं पासबुक उघडल्यावर मालकाच्या रकान्यात फक्त ५५० दिसतात आणि माणूस घाबरतो, पण उरलेले १,२५० पेन्शनच्या रकान्यात असतात, तिथे चोरी नाही. चोरी कुठे असते तर स्लिपवर १,८०० कापलेले आणि पासबुकात त्या महिन्याची एंट्रीच नाही, किंवा मालकाचा हिस्साही तुमच्याच ठरलेल्या पगारातून कापलेला. हे दोन्ही बेकायदेशीर आहे. त्यामुळे दर महिन्याला उमंग ॲपवर पासबुक बघायची सवय लावा, वर्षभराने बघाल तोपर्यंत एजन्सी बदललेली असते.

ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो १० किंवा जास्त माणसं असतील तिथे आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर, अपंग असाल तर २५,००० पर्यंत. तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. विमा नंबर आणि ई-पहचान कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्या, घरच्यांची नावं त्यात टाकून घ्या, दवाखान्यात गेल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

पगार अडकला तर काय करायचं, इथे कायदा खरोखर कामगाराच्या बाजूने आहे. एजन्सीने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने तो द्यायचा आणि नंतर एजन्सीकडून वसूल करायचा, ५० चा आकडा पूर्ण होत नसला तरी वेतन संहितेतही अशीच तरतूद आहे. पीएफचंही तसंच, एजन्सीने भरला नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून पहिला मेल एजन्सीला करा आणि सीसीमध्ये कंपनीचा एचआर ठेवा, फोनवर बोलून काही हाती राहत नाही. काम सोडलं किंवा काढलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे, ४५ दिवसांनी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, ही आपल्याकडची पद्धत आहे, कायदा नाही. अनुभव प्रमाणपत्र मागितलं की द्यावं लागतं, तेही त्याच मेलमध्ये मागून टाका.

उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, बँक, रेल्वे, बंदर, खाण अशा ठिकाणी काम असेल तर केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे, त्यांचं समाधान पोर्टल आहे. अर्जासोबत आधारची झेरॉक्स, नेमणूक पत्र, पगार स्लिप, बँक स्टेटमेंट आणि पीएफ पासबुकची प्रिंट. नेमणूक पत्र दिलंच नसेल तरी थांबू नका, गेट पासचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज हे सगळं पुरावा म्हणून जोडा. गेट पास काम सोडताना परत घेतात, त्यामुळे फोटो आधीच काढून ठेवा. अर्जात किती महिन्यांचा किती पगार बाकी आहे ते आकड्यात लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पगाराच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. फक्त पीएफची तक्रार असेल तर ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून करता येते, घरी बसून.

वकील परवडत नाही म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १९८७ च्या कायद्याने महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथे जाताना हेच कागद आणि आयुक्त ऑफिसची पोच सोबत न्या.